तिसऱ्यांदा विचारलं तर

नॉर्डलमध्ये कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की 'छे, उगाच कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की 'केलेलीच असेल तर अर्धा कप' असं म्हणायचं आणि मग निवांत बसून पोटभर प्यायची. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. मूल बोलायला लागलं की त्याला ते आपोआप येतं. एखाद्यानं पहिल्याच विचारण्याला 'हो, द्या' म्हटलं तर तोंडावर कुणी काही बोलत नाही. फक्त घरी जाताना गाडीत बायको नवऱ्याला म्हणते, "वेगळाच आहे, नाही?" आमच्याकडे याहून जहाल शिवी नाही.

अशा गावात आर्डिस क्वामेला एक गोष्ट मनापासून हवी होती, आणि तिथेच तिची पंचाईत होती.

तिला चर्चचा ऑर्गन वाजवायचा होता. एखाद्या दिवशी हौसेखातर नाही, तर दर रविवारी, अख्खं गाव खाली उभं राहून गात असताना. लहानपणी एकदा ती चर्चच्या वरच्या गॅलरीत चढून ऑर्गन वाजवणाऱ्या ट्वेटबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली होती. बाईंचे हात वाजवतात हे तिला माहीत होतं. पण खाली लाकडाच्या लांब पट्ट्यांवर त्यांचे पायही वाजवत होते आणि बाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, हे तिनं त्या दिवशी पाहिलं. पुढे तिनं बाईंकडे थोडा पियानो शिकून घेतला. मग गोठ्यात संध्याकाळचं दूध काढणं तिच्या वाट्याला आलं आणि शिकवणी सुटली ती सुटलीच. लग्न झालं, दोन मुली झाल्या, त्या मोठ्या होऊन शहरात गेल्या. आर्डिस शाळेची बस चालवायला लागली. ऑर्गनबद्दल तिनं कधी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता, त्यामुळे हे आपलं स्वप्न आहे की लहानपणची एक आठवण, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पन्नाशी उलटल्यावर एकदा ट्वेटबाई बर्फावर घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आमच्या रीतीप्रमाणे आर्डिस लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन भेटायला गेली. हवापाण्याचं बोलून झालं, वड्यांचं कौतुक झालं. निघता निघता ती दारातून म्हणाली, "पायांनी वाजवणं अवघड असेल, नाही बाई?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अवघड आहे. मी बरी झाले की मंगळवारी सकाळची फेरी संपवून चर्चमध्ये ये."

"नाही हो बाई, मी आपलं सहज विचारलं."

"सहज विचारणारी माणसं माझ्या पायांकडे बघत नाहीत. मंगळवारी."

तिसऱ्यांदा म्हणायची वेळच बाईंनी येऊ दिली नाही. आर्डिस गेली.

तेव्हापासून सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारच्या फेरीपर्यंतचा वेळ तिनं ऑर्गनला दिला. मंगळवारी बाई शिकवायच्या, बाकीचे दिवस ती एकटी. रविवार सोडून इतर दिवशी चर्च गरम ठेवणारी भट्टी मंद केलेली असायची. जानेवारीत गॅलरीत तोंडातून वाफ निघायची, म्हणून बोटं कापलेले लोकरीचे हातमोजे घालून ती वाजवायची. मऊ चामड्याच्या तळव्यांचे खास बूट तिनं मागवले होते, ते बसमध्ये सीटखाली एका पिशवीत असायचे. पहिलं वर्ष तर नुसतं पायांचं भांडण होतं. इतकी वर्षं ब्रेक दाबून तिचा उजवा पाय असा काही पडायचा की सगळी गॅलरी हादरायची. बाई कपाळाला हात लावायच्या. "आर्डिस, गाडी थांबवायची नाहीये. सूर काढायचाय, सूर!"

ती रडकुंडीला यायची, घरी जाऊन 'आता पुरे' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी फेरी संपली की बस आपोआप चर्चकडे वळायची. तिला कुणी भाग पाडलं नव्हतं आणि शाबासकी द्यायलाही कुणी नव्हतं. तरी ती जात राहिली. हे लिहायला सोपं आहे. उणे तीस तापमानात, कुणाला न सांगितलेल्या गोष्टीसाठी दारातलं बर्फ उपसून आत जाणं मात्र सोपं नसतं.

घरी ऑर्गन नव्हता. म्हणून तिनं स्वयंपाकघरातल्या फरशीवर चिकटपट्ट्या लावून पायाच्या पट्ट्या आखून घेतल्या. त्यावर खुर्ची ठेवून ती बटाटे सोलता सोलता पाय चालवायची. तिचा नवरा व्हर्लिन हा बोलण्यात इतका काटकसरी माणूस की त्याच्या शेजारी दगडही वाचाळ वाटावा. हे काय चाललंय, असं त्यानं कधी विचारलं नाही. पण फ्रिजकडे जाताना तो त्या पट्ट्यांना वळसा घालून जायचा. एकदा चुकून पाय पडला तर म्हणाला, "सॉरी हं, तुझी काळी पट्टी दाबली." चिकटपट्ट्या झिजायच्या तेव्हा कधीतरी सकाळी त्या नव्या लावलेल्या दिसायच्या. पहिल्याच हिवाळ्यात चर्चच्या गॅलरीतही एक छोटा हीटर येऊन बसला. तो कुणी ठेवला हे आर्डिसनं विचारलं नाही आणि व्हर्लिननं सांगितलं नाही.

हे सगळं गुपचूप चाललंय असं आर्डिसला वाटायचं. आता, चर्चचा ऑर्गन म्हणजे काही तोंडात धरायची पिपाणी नव्हे. रस्त्यापलीकडच्या कॅफेत कपबश्या थरथरायच्या. तिथे बसलेली मंडळी एकमेकांकडे न बघता म्हणायची, "चर्चची भट्टी हल्ली बरी वाजतेय." दुसरा म्हणायचा, "पूर्वीपेक्षा फार बरी." यापलीकडे गावात कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते ठाऊक आहे हे एकट्या आर्डिसला ठाऊक नव्हतं.

अशी सहा-सात वर्षं गेली. ट्वेटबाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या, नजर अधू झाली, आणि ईस्टरनंतर आपण थांबणार असं त्यांनी सांगून टाकलं.

त्याच सुमारास चर्चला नव्या पास्टर आल्या होत्या. मरिसेला ओर्तेगा, टेक्सासच्या. हसऱ्या, कामसू आणि थंडीनं कावलेल्या. त्या मनात असेल ते बोलायच्या, आणि समोरचाही तसंच बोलतो असं धरून चालायच्या. इथे येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांना दोष द्यायला नको. पण कुणीतरी त्यांना कॉफीचं सांगायला हवं होतं.

मार्चमध्ये एका मयतीनंतरचं जेवण आटोपलं. आर्डिस चर्चच्या तळघरात कॉफीचं मोठं पातेलं घासत होती. पास्टर बाह्या सरसावून शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि एक फडकं हातात घेतलं.

"आर्डिस, ट्वेटबाई थांबतायत. त्या म्हणाल्या, तुम्हाला विचारावं. ऑर्गनची जबाबदारी घ्याल?"

आर्डिसच्या हातातली घासणी थांबली. छातीत असं काही धडधडलं की पातेल्यातल्या पाण्यावर तरंग उठतील असं तिला वाटलं. आणि तोंडातून आलं, "अगं बाई, मी कसली! माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल की."

"नक्की? मला खरंच आवडेल."

"छे हो. उगाच माझ्यासाठी अडून राहू नका."

आणि आर्डिसनं पातेलं उलटं करून निथळायला ठेवलं, हात पुसले आणि वाट पाहिली. 'कुणी मिळेपर्यंत बघते' हे शब्द जिभेच्या टोकावर तयार होते.

पास्टरनी फडकं नीट घडी घालून ठेवलं. "ठीक आहे. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. अहो, इथे फार कमी लोक स्पष्ट बोलतात." त्यांनी आर्डिसचा खांदा प्रेमानं दाबला आणि त्या जिना चढून गेल्या.

आर्डिस तिथेच उभी राहिली. पुढचे सगळे दिवस तिनं वाट पाहण्यात काढले. पोस्टात पास्टर भेटल्या, हवेबद्दल बोलल्या. दुकानात भेटल्या, कांद्यांबद्दल बोलल्या. आणि मग रविवारी उपासनेच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की ऑर्गनसाठी कुणी मिळालेलं नाही, तेव्हा ध्वनिमुद्रित गीतं वाजवणारं एक यंत्र घ्यावं असं चर्चच्या मंडळाच्या मनात आहे. पुढच्या रविवारी तळघरात बैठक होईल आणि हात वर करून मत घेतलं जाईल.

आर्डिस घरी आली. स्वयंपाकघरात कोट न काढताच ती खुर्चीवर बसली आणि तिनं व्हर्लिनला सगळं सांगितलं. अगदी लहानपणी गॅलरीत उभी राहिली होती तिथपासून.

व्हर्लिननं पूर्ण ऐकून घेतलं. "दोनदाच विचारलं?"

"दोनदाच."

"म्हणजे विचारलंच नाही की."

"तेच तर!" आर्डिसला रडू आलं. "आता मी काय करू, व्हर्लिन?"

व्हर्लिननं खाली आखलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. "मला कसं सांगता येईल," तो म्हणाला. "पण ते यंत्र आलं तर मला वाईट वाटेल." त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

दुसऱ्या दिवशी फेरी संपवून ती ट्वेटबाईंच्या घरी गेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी ना वडी विचारली ना कॉफी.

"पास्टर येऊन गेली," बाई म्हणाल्या. "तू नाही म्हणालीस म्हणे."

"बाई, तुम्हाला माहितेय ना, ते तसं नाही नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे एक शब्द टाकलात तर..."

"नाही टाकणार."

"बाई!"

"काय सांगू मी तिला? की आर्डिसच्या नाहीचा अर्थ हो आहे? तुझं हो मी बोलू? पाय तुझे शिकवले, आता तोंडही मीच चालवू?" बाई चांगल्याच तापल्या होत्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "ऐक. मला विचारायला जुने पास्टर आले होते, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी त्यांना खोकल्याची उबळ आली. चांगली लांबली. तो खोकला थांबेपर्यंत मी जे काही देवाला म्हटलं ना, ते अजून मला आठवतं. जरा जास्त खोकले असते आणि उठून गेले असते, तर माझं काय झालं असतं गं?"

आर्डिस कोटाचं बटण फिरवत राहिली.

"इतकी वर्षं तू माझ्याकडे येतेयस. कशासाठी येतेस, हे एकदाही बोलली नाहीस. आत्ता बोल."

आर्डिसनं तोंड उघडलं. कान लाल झाले. "मला... म्हणजे कुणी नसेल तर..."

"चूक. पुन्हा."

"जमलं तर मला..."

"पुन्हा! सुरात नाही लागत."

शेवटी बाईंनी तिला दाराकडे बोट दाखवलं. "पायांना किती वर्षं लागली, आठव. तोंडाला निदान आठवडा तरी लागणारच. जा, सराव कर."

त्या आठवड्यात आर्डिस दुपारी शेवटच्या मुलाला उतरवून रिकामी बस आगाराकडे आणताना मोठ्यानं बोलायची. दोन्ही बाजूंना बर्फाची शेतं, पुढे सरळ रस्ता. "मला ऑर्गन वाजवायचाय." पहिल्या दिवशी तिनं आरशात मागे पाहून घेतलं, कुणी राहिलं तर नाही ना. चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी जरा कमी वाटलं. शुक्रवारपर्यंत वाक्य नीट बाहेर पडायला लागलं, आणि गंमत म्हणजे ते बाहेर पडल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की हे खरंच आहे. ती आठवण नव्हती. तिला ऑर्गन वाजवायचा होता.

रविवारी उपासनेनंतर तळघर भरलं. लांब टेबलं, कॉफीची वाफ, वड्यांच्या ताटल्या. ट्वेटबाई कोपऱ्यात काठीवर हात ठेवून बसल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष ऑर्व्हल स्टेनरूड यांनी यंत्राची माहिती वाचून दाखवली. त्यात म्हणे हजारांवर गीतं होती आणि ते कधी आजारी पडत नव्हतं.

"कुणाला काही बोलायचंय?" ऑर्व्हलनी विचारलं.

कुणी बोलेना. सगळे आपापल्या कपात बघत होते. गावातल्या एकालाही ते यंत्र नको होतं, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. पण पहिल्यांदा तोंड उघडणारा वेगळा ठरतो.

"बरं, मग मत घेऊ या..."

आर्डिस उठली. खुर्ची इतक्या जोरात करकरली की सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिनं टेबलाची कड धरली.

"मला ऑर्गन वाजवायचाय," ती म्हणाली.

कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला.

"मी शिकलेय. ट्वेटबाईंनी शिकवलंय मला. खूप वर्षं. मला यायला लागलंय, आणि मला तो वाजवायचाय. दर रविवारी."

मागून एक बाई पुटपुटली, "हं. हे वेगळंच." आर्डिसनं ते ऐकलं. पण ती बसली नाही.

पास्टर मरिसेला गोंधळून उभ्या राहिल्या. "पण आर्डिस, मी विचारलं होतं तुम्हाला! तुम्ही नाही म्हणालात!"

"तुम्ही दोनदाच विचारलंत, पास्टर."

सगळ्या तळघरात एक कुजबुज पसरली. सगळ्या नजरा आर्डिसवरून निघाल्या आणि पास्टरवर जाऊन बसल्या. "दोनदाच?" "अरेरे." "बिचारी आर्डिस." मघाशी 'वेगळंच' म्हणणारी बाईसुद्धा मान हलवत म्हणाली, "असं कुठे असतं का?"

पास्टरनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मग किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा!" अख्खं तळघर एका सुरात म्हणालं. एवढ्या एका सुरात आम्ही ईस्टरलासुद्धा गात नाही.

पास्टर मरिसेलांनी तोंडावर हात ठेवला. आल्यापासून या गावात त्यांना किती जणांनी 'नको' म्हटलं असेल आणि त्यांनी ते किती वेळा खरं मानलं असेल, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकताना दिसलं. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता टेबलांमधून वाट काढत आर्डिससमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आर्डिस क्वामे," त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा विचारते. आमचा ऑर्गन वाजवाल?"

हे विचारणं रीतीप्रमाणे झालं होतं. त्याचं रीतीचं उत्तरही ठरलेलं होतं. तेच उत्तर आर्डिसच्या जिभेवर त्या दिवसापासून बसून होतं: कुणी मिळेपर्यंत बघते. ते म्हटलं असतं तर सगळ्यांनी समाधानानं मान डोलावली असती. तिनं कोपऱ्यात ट्वेटबाईंकडे पाहिलं. बाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या, मंगळवारी ऐकायच्या तशा.

"हो," आर्डिस म्हणाली. "आणि कुणी मिळेपर्यंत नाही. मला दुसरं कुणी मिळायला नकोय."

मग व्हर्लिन उभा राहिला. तो नुसताच उभा राहिला, बोलला काहीच नाही. पण त्याला बैठकीत उभं राहिलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ऑर्व्हलनी घसा खाकरला आणि यंत्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी आर्डिसनं बूट चढवले आणि बाकावर बसली. पहिल्या गीताला तिचे पाय पट्ट्यांवर बरोबर पडत होते. मग खालून आवाज आले. सगळ्या गावाचे, जाडे, भसाडे, ओळखीचे आवाज तिच्या सुरांवर चढून वर गॅलरीत आले. या क्षणाची तिनं लहानपणापासून कल्पना केली होती. त्या कल्पनेत एक गोष्ट मात्र कधी नव्हती, ती म्हणजे आवाजांनी पायांखालचं लाकूड गरम झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या गीताला ती लयीत जरा पळाली. गाव तिच्यामागे पळालं.

उपासनेनंतर तळघरात तिला चार जणांनी 'वाईट नव्हतं' म्हटलं. आमच्याकडे याच्यापुढे स्तुती जात नाही. ती सरळ ट्वेटबाईंच्या टेबलाशी गेली आणि जे कधी विचारायचं नसतं ते तिनं विचारलं.

"बाई, कसं वाजवलं मी?"

"दुसऱ्यात पळालीस." बाईंनी रुमालानं डोळे पुसले, ते लपवलंही नाही. "साठ वर्षं मी वर बसले, आर्डिस. हा ऑर्गन खालून कसा ऐकू येतो, ते मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांच्या मधे उभं राहून एकदा तरी गावं, असं फार वाटायचं गं. कुणाला बोलले नाही." त्यांनी तिचा हात धरला. "आज गायले. सगळी गीतं गायले."

तेवढ्यात ऑर्व्हलची बायको लव्हॉन किटली घेऊन आली. "कॉफी, ट्वेटबाई?" तिनं विचारलं आणि रीतीप्रमाणे 'नको' येणार असं धरून दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं.

"हो," ट्वेटबाई म्हणाल्या. "दे. काठोकाठ भर."

लव्हॉन किटली धरून तिथेच थबकली.